तुम्ही विचारलंत म्हणून: वजनाच्या ऑपरेशनआधी गुठळीचं काय केलं?

माझं स्लीव्ह (वजन उतरावं म्हणून जठर कापून लहान करायचं ऑपरेशन) झालंय कळलं की बायका आधी किती किलो उतरलं ते विचारतात आणि मग आवाज खाली आणून, "अगं पण पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाते म्हणे, तू काय केलंस त्याचं?" भीती खोटी नाहीये. या ऑपरेशननंतर फार कमी लोक दगावतात, पण जे दगावतात त्यांच्यात हे एक मोठं कारण. वजनामुळे पायातलं रक्त आधीच हळू वर चढतं, त्यात भूल देऊन निपचित पडायचं, दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरतात त्याचा शिरांवर दाब, आणि जखम झाली की रक्त तसंही गोठायला बघतं.

सगळ्यांना इंजेक्शनबद्दलच ऐकायचं असतं. ते रक्त गोठू नये म्हणून, हेपरिनच्या जातीचं (बहुतेकदा एनॉक्सापॅरिन), पोटाच्या कातडीखाली देतात, निळे डाग पडतात, बास. जास्त वजनाला नेहमीचे 40 मिलिग्राम पुरत नाहीत म्हणून बऱ्याच ठिकाणी दिवसातून दोनदा देतात, पण डोस प्रत्येकाचा वेगळा, माझा ऐकून उपयोग नाही.

मला विचाराल तर खरं काम महिना-दीड महिना आधीचं, आणि ते म्हणजे डॉक्टरला सगळं सांगणं. आपल्यातल्या कितीजणींना पीसीओडीसाठी (बीजकोशाचा, पाळी पुढेमागे होण्याचा त्रास) वर्षानुवर्षं हार्मोनच्या गोळ्या चालू असतात, त्या म्हणजे गर्भनिरोधक गोळ्याच, त्यात इस्ट्रोजेन असतं आणि त्याने गुठळीचा धोका वाढतो. साधारण चार आठवडे आधी बंद करायला सांगतात (मनाने नाही, गायनॅकला विचारून, आणि मधे दिवस राहणार नाहीत याची दुसरी सोय करून). पण "कुठली औषधं चालू?" विचारलं की आपण बीपी, शुगर, थायरॉइड सांगतो आणि ही गोळी राहूनच जाते. पाळी पुढे ढकलायची गोळी तर कुणी औषधात धरतच नाही! गौरी आल्या, सत्यनारायण आला, की मेडिकलमधून पाकीट आणायचं. त्यातलं नॉरएथिस्टेरॉन शरीरात थोडंफार इस्ट्रोजेनमध्येच बदलतं. ऑपरेशनची तारीख सणाच्या आसपास असेल तर पूजेला जाऊबाईंना बसू दे.

सिगारेट ओढत असाल तर तेही सांगा, निदान सहा आठवडे आधी सोडायची. घरात कुणाला गुठळी झाली होती का, आईचा बाळंतपणानंतर एकच पाय सुजला होता का, हे घरी नीट विचारून घ्या, रक्ताचा दोष घराण्यातून येऊ शकतो. आणि गावाकडून येणाऱ्यांनी रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये पाय लोंबकळत बसून सकाळी थेट अ‍ॅडमिट होऊ नये, एक-दोन दिवस आधी या, चाला, पाणी प्या.

ऑपरेशन झालं की त्याच संध्याकाळी उठवून चालवतात, दुखतं म्हणून नर्सशी भांडू नका. आणि घरी आलो म्हणजे सुटलो असं नाही, बऱ्याच गुठळ्या घरी गेल्यावरच होतात, पहिल्या महिन्यात, म्हणून काहींना इंजेक्शन घरीही चालू ठेवतात. एकच पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत कळ आली तर गॅस झाला असेल म्हणून ओवा चावत बसायचं नाही, रिक्षा पकडून कॅज्युअल्टी गाठायची.