सिलेक्टिव्ह

दुपारी सांभार निवडत बसले होते. (पुण्याकडच्यांसाठी: कोथिंबीर. नागपुरात सांभार म्हटलं की इडली आठवत नाही.) तेवढ्यात भाचीचा फोन. तिची कसलीशी परीक्षा आहे. "मावशी, सिलेक्ट आणि सिलेक्टिव्हमध्ये फरक काय गं?"

"सिलेक्ट म्हणजे निवडलेला, सिलेक्टिव्ह म्हणजे निवडणारा," मी रुबाबात सांगून टाकलं. आमचं 'निवडक' मात्र निवडलेल्यांचंच. निवडणाऱ्याला आपण चोखंदळ म्हणतो, आणि तो घरातला असेल तर नखरेल.

फोन ठेवला आणि ताटाकडे पाहून अडले. हा शब्द लॅटिनमधला, मूळ अर्थ वेचून वेगळं काढणं. तिकडे वेगळं काढतात ते चांगलं असतं. आपण तांदूळ निवडतो तेव्हा वेगळा निघतो खडा, आणि 'निवडलेले' म्हणवतात तांदूळ, ज्यांना कुणी बोटसुद्धा लावलेलं नसतं!

सिलेक्टिव्ह हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो शाळेत नाही, काटोलला मामासोबत कृषी केंद्रात. "सिलेक्टिव्ह देऊ का सगळंच जाळणारं?" दुकानदार विचारत होता. सिलेक्टिव्ह तणनाशक म्हणजे पीक सोडून तण मारणारं. म्हणजे इथेही निवड झाली की मेलाच. त्या वर्षी शेजारच्या ज्वारीत कुणी टू-फोर-डी मारलं. ते रुंद पानाचं तण मारतं, ज्वारीला सोडतं. पण वारा आमच्याकडे होता, आणि पऱ्हाटीचं (म्हणजे कपाशीचं) पानही रुंदच. आठवडाभरात पानं आकसून बोटांसारखी झाली. "औषधाले काय कळते बापा, पऱ्हाटी कोणती अन् तण कोणतं," मामा एवढंच म्हणाला.

आता तांदळाच्या पिशवीवर 'सॉर्टेक्स' लिहिलेलं असतं. यंत्रातला कॅमेरा डागी दाणा हेरतो आणि हवेच्या फुंकरीने उडवतो. निवडायला काही उरलेलं नाही. नागपूरच्या महाल भागातल्या घरी आजी रोज दुपारी अंगणात ताट घेऊन बसायची. खडे एका कोपऱ्यात ओळीने मांडायची आणि उठताना मोजायची. सात निघाले तर दुकानदाराचा उद्धार ठरलेला.

शेवटी शेवटी तिला दिसेनासं झालं, तरी ताट लागायचंच. बोटांनी चाचपत निवडायची. ओळीत मांडलेले बहुतेक तांदूळच असायचे, खडे ताटात तसेच. "किती निघाले गं?" ती विचारायची. आई खोटाच आकडा सांगायची, ती ओळ परत डब्यात टाकायची आणि रात्री आम्ही निजल्यावर सगळं पुन्हा निवडायची.

भाचीला हे काही कळवलं नाही. तिला वाक्यात उपयोग करून हवा होता.