सगळ्यांका म्हायत आसा

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिनेसोटातून निघाले तेव्हा माझ्या बॅगेत सात खून होते. गोव्यात मोपाच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने बॅग उघडायला लावली आणि सातही पुस्तकं वरच निघाली. मुखपृष्ठांवर लोकरीचे गुंडे, गुबगुबीत मांजर, चहाची किटली, आणि नीट बघितलं तरच दिसेल अशी रक्ताळलेली कात्री. "लहान मुलांची आहेत का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. रात्रभराच्या प्रवासानंतर तेवढंच सुचलं.

इकडे मिनेसोटात जानेवारीत पारा उणे 25 पर्यंत उतरतो. दाराबाहेर पडलं की नाकातले केस कडक होतात. पहिल्या हिवाळ्यात मी वाचनालयात केवळ ऊब मिळते म्हणून जायचे, आणि तिथे दर मंगळवारी विणायला जमणाऱ्या बायकांनी मला ओढून घेतलं. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. सुलट टाका, उलट टाका करता करता त्या गावातल्या कुणाचाही घटस्फोट, कर्ज आणि गुडघ्याचं ऑपरेशन उलगडून सांगत. आपल्याकडे याला गजाली म्हणतात. त्यांच्यातल्याच एकीने मला पहिलं पुस्तक दिलं.

या प्रकाराला इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. कोझी म्हणजे ऊबदार. किटलीतला चहा निवू नये म्हणून तिला घालतात त्या विणलेल्या टोपड्यालाही हाच शब्द. खून होतो, पण आपल्यासमोर नाही. रक्त दिसत नाही, शिवीगाळ नाही, प्रेमप्रकरण दाराशी येऊन थांबतं. गाव लहान, पोलीस बरा माणूस पण जरा मंद. आणि छडा लावणारी बाई कुणी गुप्तहेर नसते: तिचं लोकरीचं दुकान असतं, नाहीतर ती गोधड्या शिवते, नाहीतर चिनी मातीची भांडी घडवते. शेवटच्या प्रकरणात खुनी सापडतो, आणि त्याच्यामागच्या पानांवर स्वेटरचा नमुना किंवा केकची कृती. आपल्याकडे रहस्यकथा म्हटली की झुंजार आणि धनंजय आठवतात, पिस्तूल, काळी मोटार, मध्यरात्र. इथे मध्यरात्री बाई टाके मोजत बसलेली असते.

याची मूळ आजी म्हणजे अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल. डिसेंबर 1927 मध्ये ती पहिल्यांदा एका कथेत आली, 1930 मध्ये कादंबरीत. तेव्हापासून ती कोपऱ्यात विणत बसलेली आहे आणि लोक तिच्यासमोर बिनधास्त बोलताहेत, कारण विणणाऱ्या म्हातारीकडे कोण बघतं? हे निव्वळ कादंबरीतलं नाही. 1944 मध्ये, महायुद्ध चालू असताना, फिलिस लातूर नावाच्या तरुणीला ब्रिटिशांनी हेर म्हणून विमानातून जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्मंडीत उतरवलं. साबण विकणाऱ्या पोरीचं सोंग घेऊन ती सायकलवर हिंडायची. संदेशांचे संकेत रेशमी कापडावर होते, ते तिने विणायच्या सुईला गुंडाळून केस बांधायच्या फितीत दडवले होते. तिने 135 संदेश पाठवले. झडती झाली तरी सुई कुणाला सापडली नाही.

अमेरिकेत या पुस्तकांचं पीक इतकं आहे की 1989 पासून त्यांचं वार्षिक संमेलन भरतं आणि बक्षीस म्हणून चहाची किटली देतात, वर कवटीचं चित्र काढलेली. नावांत कोट्या करण्याची हौस तर विचारू नका. मोनिका फेरिसच्या मालिकेतलं पहिलं पुस्तक 1999 सालचं. त्यातल्या दुकानाचं नाव 'क्रुएल वर्ल्ड'. क्रुएल हा लोकरीच्या भरतकामाचा एक प्रकार, आणि 'क्रूर' या अर्थाच्या शब्दाचा उच्चारही अगदी तोच. हे दुकान लेखिकेने माझ्या घरापासून तासाभरावरच्या एक्सेलसियर गावात थाटलंय. गाव खरं आहे, मिनेटोंका तळ्याच्या काठावर, म्हणून एका फेब्रुवारीत मी मुद्दाम गेले. दुकान अर्थातच नव्हतं. पण तळं गोठलेलं, त्यावर लोक गाड्या घालून चालले होते, बर्फाला भोक पाडून मासे धरत होते. किनाऱ्यावर रापण ओढताना बघत वाढलेल्या बाईने याला मासेमारी म्हणायचं का, हा प्रश्न मी सोडून दिला.

तर ती सात पुस्तकं घेऊन मी शिरोड्याच्या अलीकडे, आजोळी पोचले. सुरंगीचे दिवस. मावशी पहाटेच खुडलेल्या कळ्या पडवीत पसरून वळेसर गुंफत बसलेली, आणि अख्खं घर त्या वासाने जड झालेलं. तिने एक पुस्तक उचललं, मांजर बघितलं आणि म्हणाली, "काय आसा ह्यात?" मी गोष्ट सांगायला लागले. लोकरीचं दुकान, बहिणीचा खून, मग दुकान सांभाळता सांभाळता तपास. मावशीने तीन प्रश्न विचारले. पहिला, "आणि मगे दुकान कोण सांभाळता?" दुसरा, "मांजार मराक नाय मां?" नाही मेलं, मी सांगितलं. या प्रकारात मांजर कधीच मरत नाही, तो तर अलिखित करारच आहे. तिसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं: "गावात येवढी माणसा, आणि कोणाकच म्हायत नाय?"

इथेच या पुस्तकांचं आणि आपलं जमत नाही, असं मला वाटतं. तिकडच्या गावात कुणालाच काही माहीत नसतं आणि बाई मफिन घेऊन दारात गेली की जो तो घडाघडा बोलतो. आपल्याकडे सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि बोलत कुणीच नाही. चोरी झाली तर आरवलीला वेतोबासमोर गाऱ्हाणं घालतील, कौल लावतील, पाकळी उजवी पडली की डावी ते बघतील. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या नव्या चपला वाहतात. असा गस्त घालणारा असताना लोकरीच्या दुकानदारणीला कोण विचारणार? पण खरं सांगायचं तर गाऱ्हाणं घालणाऱ्यालाही चोर माहीत असतो. त्याचं नाव आपल्या तोंडाने घ्यायला लागू नये, एवढ्यासाठी देव मधे लागतो.

चौथ्या दिवशी माळ्यावरची ट्रंक उघडली. आजी जाऊन अकरा वर्षं झाली, ट्रंकेला कुणी हात लावला नव्हता. आत डांबराच्या गोळ्या, लग्नपत्रिका आणि तळाशी एक गोधडी, अर्धवट. दोन बाजूंच्या काठांपासून धावदोरा आत आलेला, मधला भाग कोराच. अजून सुई अडकवलेली होती, गंजलेली. ती बाहेर काढून मी पडवीत पसरली आणि सात पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने जाहीर केलं की हे दोघींचं काम आहे. एका बाजूचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, दुसऱ्या बाजूचे त्याच्या दुप्पट.

"ता आंधळ्याकय दिसता," मावशी म्हणाली. मग वळेसर बाजूला ठेवून ती गोधडीच्या एका काठाशी बसली, काठ मांडीकडे ओढून. मग उठून पलीकडच्या काठाशी तशीच बसली. गोधडी शिवणारी बाई काठ मांडीवर घेऊन बसते आणि उजव्या हाताची असेल तर उजवीकडून डावीकडे जाते. दोऱ्याची गाठ उजव्या टोकाला राहते. आजीच्या बाजूला सगळ्या गाठी उजवीकडे होत्या. दुसऱ्या बाजूला झाडून सगळ्या डावीकडे. मी टाक्यांची लांबी मोजत बसले होते, गाठी बघायचं सुचलंच नव्हतं.

मावशीने तिसरी गोष्टही बघितली. दुसऱ्या बाजूच्या थरांत एक हिरवं पातळ होतं, बारीक बुट्ट्यांचं, विरलेलं. त्यावरून तिने दोनदा हात फिरवला. "ह्या आमच्या घरातला न्हय." आणि गोधडीची घडी घालायला लागली.

"मग कुणाचं?"

"तुका कित्याक होया ता?"

"आजीबरोबर कोण शिवत होतं, मावशी?"

"सगळ्यांका म्हायत आसा," ती म्हणाली आणि वळेसर परत हातात घेतला. पुढे दोन दिवस मी तो विषय तीन वेळा काढला, तिने तीनही वेळा माशांचं काढलं.

गावात डावखुरी बाई शोधणं वाटतं तितकं सोपं नाही. त्या पिढीत डाव्या हाताने जेवणाऱ्या पोरीच्या हातावर फटके बसायचे, त्यामुळे चारचौघांत सगळ्या उजव्याच. मी बायकांना दळताना, कोयता धरताना, हळदीकुंकू लावताना न्याहाळायला लागले. एकीने मावशीला विचारलंही, तुमच्या अमेरिकेच्या चेडवाच्या डोळ्यांना काही झालंय का.

शेवटी गडग्याच्या, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणाच्या, पलीकडच्या काकींकडे गेले. खरं तर त्या घराचं नाव मी सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं, कारण त्या घराशी आमचं बोलणं नव्हतं. गडगा दीड हात इकडे सरकवल्यावरून आजोबा आणि काकींचे यजमान बावीस वर्षं कोर्टात भांडले. लग्न असो नाहीतर मयत, दोन्ही घरांनी एकमेकांना टाळलं. खटला संपला तेव्हा दोघेही पुरुष गेलेले होते आणि गडगा होता तिथेच होता. आजी त्या घराचं नाव घेत नसे, "पलीकडे" म्हणायची. लहानपणी मला पलीकडे म्हणजे पाकिस्तानसारखं काहीतरी वाटायचं.

मफिन नव्हते, चॉकलेटं नेली. काकी आता पंच्याऐंशीच्या असतील. खळ्यात खुर्चीवर बसल्या होत्या, मला ओळखलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं. थंडीचं विचारलं, पगाराचं विचारलं, मला मूल का नाही हेही सरळ विचारलं. मी काहीच विचारलं नाही. मिस मार्पलही विचारत नाही, नुसती विणत बसते. माझ्याकडे विणकाम नव्हतं, म्हणून मी आंब्याचा मोहोर बघत बसले. काकींनी पानाचा डबा पुढे ओढला, सुपारी काढली आणि अडकित्ता उचलला, डाव्या हातात.

माझा चहा हातातच निवला. आमच्या बाजूला बघितलं तर आंब्याखाली गडग्याचे वरचे चार चिरे काढलेले दिसले, बाई लुगडं सावरून पलीकडे जाऊ शकेल एवढेच. तिथल्या चिऱ्यांवर शेवाळ नव्हतं, बाकी सगळ्या गडग्यावर होतं.

उठले, पाया पडले. पायरी उतरत होते तेव्हा काकींनी सुपारी गालात सरकवली आणि मागून विचारलं, "ती अजून अर्धीच रवली मां गो?"

मी गोधडीचं नावही काढलं नव्हतं.