खूण खोटी निघाली आणि मी दीड महिना कार्बोरेटर धूत बसलो

आमच्या घरी १९७७ची अँबॅसिडर आहे, मार्क थ्री. आजोबांनी पेट्रोल घेतली होती, पण ऐंशीच्या दशकात डिझेल स्वस्त म्हणून साताऱ्यातल्या निम्म्या लोकांनी केलं तेच त्यांनीही केलं, मॅटाडोरचं इंजिन बसवलं. त्यानंतर ती गाडी कमी आणि ट्रॅक्टर जास्त. रिटायर झाल्यावर आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, मला तिचा जुना आवाज परत ऐकायचाय, आणि मग मी पण हट्टाला पेटलो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चार चकरा मारून १४८९ सीसीचं जुनं बीएमसी पेट्रोल इंजिन मिळवलं, गिअरबॉक्ससकट. (इंजिन बदलायच्या आधी आरटीओची परवानगी लागते, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आधी कागद, मग इंजिन उचलायचा चेन ब्लॉक. उलटं केलंत तर पुढची गंमत वेगळी.)

इंजिन बसवणं जमलं. डिझेलला ना कॉइल, ना डेल्को (म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा), ना प्लगच्या वायरी, त्यामुळे इग्निशनचं वायरिंग मुळापासून ओढलं, तेही जमलं. स्टार्टर मारला तर कार्बोरेटरमधून असा फटाका वाजला की शेजारचं कुत्रं दोन दिवस गाडीकडे फिरकलं नाही.

ही पहिली चूक अगदी बाळबोध होती. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडरना ठिणगी मिळायचा क्रम, एक-तीन-चार-दोन, हे पाठ. पण डेल्कोच्या कॅपमध्ये वायरी मी घड्याळाच्या दिशेनं लावल्या आणि या इंजिनाचा रोटर फिरतो घड्याळाच्या उलट. आता गंमत बघा, १-३-४-२ उलटं वाचलं की १-२-४-३ होतं, म्हणजे एक आणि चार बरोब्बर जागेवर राहतात, फक्त दोन आणि तीनची अदलाबदल होते. म्हणून इंजिन चालू होतं पण दोनच सिलेंडरवर लंगडत, आणि बाकी दोघांना ठिणगी मिळते ती एक्झॉस्ट संपता संपता, इनलेट व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असताना, मग भडका उलटा कार्बोरेटरमध्ये. चालू इंजिनावर एकेक वायर काढून बघितली, एक आणि चारची काढली की इंजिन बसतंय, दोन आणि तीनची काढली तर ढिम्म फरक नाही, तिथंच कळलं. कॅप काढून एकदा स्टार्टर मारा आणि रोटर कुठं फिरतो ते डोळ्यांनी बघा, दहा सेकंदाचं काम आहे. मी नाही केलं.

खरा त्रास यानंतर सुरू झाला. इंजिन आता चारही सिलेंडरवर मस्त चालायचं, आयडल पण बरं. टायमिंग लाइट लावला (एक नंबरच्या ठिणगीबरोबर लुकलुकतो, त्या उजेडात इंजिनाच्या पुलीवरची खूण बघायची), व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केलं, डेल्को फिरवून टीडीसीच्या (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) आधी आठ अंशावर आणला आणि क्लॅम्प आवळला. आणि गाडीला पिकअपच नाही! यवतेश्वरच्या घाटात पहिल्या वळणानंतर सेकंडवर यावं लागायचं, अर्ध्यात टेम्परेचरचा काटा वर, आणि एकदा संध्याकाळी बॉनेट उघडलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड अंधारात लालसर दिसत होता. आण्णा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "डिझेल बरं होतं का रे?" याच्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

मॅनिफोल्ड लाल म्हणजे टायमिंग रिटार्ड, ठिणगी उशिरा पडतीये, मिश्रण सिलेंडरबाहेर जाईपर्यंत जळतंय. हे मला माहीत होतं, पण लाइट तर आठ दाखवतोय! मग टायमिंग नसणार, असं ठरवून मी पुढचा दीड महिना बाकी सगळं केलं. एसयू कार्बोरेटर तीनदा खोलला, डॅशपॉटमधलं तेल बदललं, पेट्रोल पंप बदलला, टॅपेट १५ थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) परत लावले, डेल्कोतल्या सीबी पॉइंटची (ते उघडले की ठिणगी पडते) गॅप पण १५ थाऊ. व्हॅक्यूमची नळी तोंडानं ओढून बघितली, डेल्कोच्या आतली प्लेट हलली, नळीला जीभ टेकवून धरली तर प्लेट तिथंच थांबली, म्हणजे डायफ्राम चांगला. तोंडाला दिवसभर पेट्रोलची चव.

शेवटी चाचांना बोलावलं. चाचा आमच्या पेठेतले जुने मिस्त्री, आता गॅरेज मुलगा बघतो, पण अँबॅसिडर म्हटलं की अजून येतात. ते म्हणाले डेल्कोखालचा गिअर दात चुकवून बसवला असेल. या इंजिनात डेल्कोच्या खाली एक वेगळा दांडा असतो, त्याच्या डोक्यात खाच असते आणि ती मधोमध नसते, एक बाजू मोठी एक लहान, म्हणून डेल्को एकाच पद्धतीनं बसतो. पण दांडाच उलटा बसवला तर सगळंच १८० अंश उलटं. तो ओढून काढायला ५/१६ यूएनएफचा (इंची आट्यांचा) साडेतीन इंची बोल्ट लागतो. साताऱ्यातल्या तीन हार्डवेअरवाल्यांनी मला आठ एमएमचा बोल्ट हातात देऊन "बसंल की" म्हणून सांगितलं. नाही बसत. शेवटी बोल्ट चाचांच्याच डब्यात सापडला.

एक नंबर सिलेंडर कॉम्प्रेशनवर आहे हे ओळखायची त्यांची पद्धत सोपी. टॅपेट कव्हर काढून चार नंबरचे व्हॉल्व्ह बघायचे, एक मिटतोय आणि दुसरा उघडायला लागलाय, म्हणजे चार डुलतोय, म्हणजे एक वर आहे. दांडा काढला, परत सोडला, तो तिरक्या दातांवरून खाली जाताना उलटा फिरत फिरत खाच एक वाजल्याच्या जागेवर येऊन थांबला. म्हणजे आधीपासून बरोबरच होता. अख्खा रविवार गेला.

रात्री अंथरुणात डोक्यात आलं की आपण हे केलंच का? दात चुकला असता तरी डेल्कोची बॉडी फिरवून तो फरक भरून निघाला असता, आणि निघाला नसता तर लाइटवर दिसला असता. लाइटला डेल्को दिसतच नाही, त्याला फक्त एक नंबरची ठिणगी कळते, आणि त्या क्षणी पुलीवरची खूण कुठं आहे ते मला दिसतं. मग खोटं बोलायला उरलं कोण? खूण. ती पांढरी खूण मीच रंगवलेली, बायकोच्या नेलपॉलिशनं, पुलीवर जी खाच पहिली दिसली तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं काढून टाकलं, त्यात एक बोल्ट वेल्ड करून घेतला, टोक घासून गोल केलं. चारही प्लग काढले आणि हा एक नंबरमध्ये बसवला. पुलीवर कागदी चिकटपट्टी गुंडाळली. आता इंजिन हातानं हळूऽऽ फिरवायचं, पिस्टन बोल्टला टेकून थांबला की कव्हरवरच्या सगळ्यात लांब काट्यासमोर पट्टीवर रेघ मारायची, मग उलटं फिरवून परत टेकेपर्यंत, परत रेघ. दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये खरा टीडीसी. जोर अजिबात लावायचा नाही, नाहीतर पिस्टनला भोक. पुढे फिरवायला हँडल आहे, पण ते एकाच दिशेला धरतं, मग उलटं फिरवायला चौथा गिअर टाकून आण्णांनी आणि चाचांच्या नातवानं गाडी इंच इंच मागं ढकलली आणि मी खाली झोपून ओरडत होतो, "बास! बास!" कारण या इंजिनाचे काटे पुलीच्या खालच्या अंगाला, उभ्यानं दिसतच नाहीत.

मधली रेघ माझ्या पांढऱ्या खुणेपासून १८ मिलिमीटर लांब. पुलीचा घेर ४००, म्हणजे एका अंशाला साधारण १.१ मिलिमीटर, म्हणजे सोळा अंश! लाइटवर टीडीसीच्या आधी आठ दिसत होतं तेव्हा ठिणगी टीडीसीच्या नंतर आठ अंशावर पडत होती. पट्टी काढली, रॉकेल आणि तारेचा ब्रश मारला, तर मधल्या रेघेच्या बरोबर खाली, ग्रीस आणि जुन्या हिरव्या रंगाच्या थराखाली एक बारीक सरळ खाच. कंपनीची. आणि माझी पांढरी? चाचांनी अंगठा फिरवला आणि हसायला लागले. "आरं, ही तर छिन्नीची हाय. कुणीतरी पुली ठोकून काढलीया."

मग लाइट बाजूला ठेवून साध्या बल्बनं टायमिंग लावलं. डेल्कोच्या बारक्या वायरीच्या टर्मिनलपासून बॉडीला १२ व्होल्टचा बल्ब, इग्निशन ऑन, नव्यानं सापडलेली खाच सहा अंशावर, आणि डेल्को फिरवत बल्ब पेटतो तिथं आवळायचं, कारण पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. पॉइंटची गॅप मात्र आधी लावा, टायमिंग नंतर. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप अॅडव्हान्स होतं, म्हणजे ठिणगी लवकर पडते, नंतर गॅपला हात लावलात तर सगळं पहिल्यापासून.

परत यवतेश्वर. तिसऱ्यावर गेली, आण्णा चालवत होते. मी हावरटासारखा वर थांबून अजून थोडं अॅडव्हान्स केलं तर चढाला रेस दिल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखी टकटक यायला लागली, मग परत दोन अंश मागं घेतलं. आता आठवर आहे, खऱ्या आठवर.

छिन्नीच्या खाचेत एमसील भरून टाकलंय. आता एकच राहिलंय, किल्ली बंद केली तरी इंजिन दोन-तीन ठोके खाऊन मगच थांबतं. चाचा म्हणतात कार्बन, मला वाटतं आयडल जास्त आहे. पुढच्या रविवारी आधी आयडल कमी करून बघतो, हेड नंतर खोलू.