क्लायंटची यादी: एक्सेलपासून ए४ कागदापर्यंत

करसल्लागाराच्या ऑफिसात रिटर्नचा हंगाम आला की क्लायंटची यादी छापून प्रत्येक टेबलावर ठेवावी लागते. फोन झाला की पेनाने टिक, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा मालकाने दिलेला दाखला) यायचा राहिला तर शेजारी शेरा. हे काम अजूनही कागदावरच भराभर होतं. आणि प्रिंट बिघडते तेव्हा दोष बहुतेकदा प्रिंटरचा नसतो, माहिती भरण्याचा असतो.

माझे रकाने असे: अनुक्रमांक, आडनाव, नाव, पॅन, मोबाइल, पत्ता, पिनकोड, शेरा. ‘श्री.’ आणि ‘सौ.’ नावाला चिकटवले की सॉर्ट केल्यावर निम्मी यादी ‘श’ आणि ‘स’ खाली गोळा होते. पिनकोड पत्त्यातच कोंबू नये. तो वेगळा असला तर सॉर्ट करताच ४११ पुणे, ४२२ नाशिक, ४४० नागपूर असे कुरियरचे गठ्ठे आपोआप पडतात.

मोबाइलचा रकाना नंबर पेस्ट करण्याआधीच टेक्स्ट करायचा. नाहीतर सुरुवातीचा शून्य गळतो आणि ९१ लावलेला १२ अंकी नंबर ‘ई+११’ अशा रूपात दिसतो. बँक खात्याचं प्रकरण त्याहून वाईट. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा नीट धरतं, १६ वा अंक शून्य होतो, आणि नंतर टेक्स्ट करून तो परत येत नाही. व्हॉट्सॲपवरून किंवा वेबपेजवरून आलेल्या नंबरांत कधी कधी वेगळ्या जातीची स्पेस असते, ती ट्रिमने (जास्तीच्या स्पेस काढणारं एक्सेलचं सूत्र) जात नाही. ती स्पेसच कॉपी करून रिप्लेसच्या ‘फाइंड’मध्ये टाकावी, खालची चौकट रिकामी ठेवावी.

‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ मोबाइलवर चालवायचं नाही. आपल्याकडे नवरा-बायको आणि म्हातारे आई-वडील सगळे एकाच मुलाच्या नंबरवर असतात. पॅनवरही मी आधी कंडिशनल फॉरमॅटिंगने दोनदा आलेल्या पॅनना रंग देऊन डोळ्यांनी बघतो, कारण एक्सेल वरची ओळ ठेवतं आणि खालची उडवतं. नवा पत्ता नेमका खालच्या ओळीत असतो. पॅनचं चौथं अक्षर वेगळ्या रकान्यात काढलं तर फायदाच: पी म्हणजे व्यक्ती, एच हिंदू अविभक्त कुटुंब, एफ फर्म, सी कंपनी.

मध्ये रिकामा रकाना असेल तर सॉर्ट त्याच्या एकाच बाजूला होतो, आणि पाटलांचा नंबर जोशींपुढे जाऊन बसतो. रिकामा रकाना काढून कंट्रोल-टी दाबून टेबल करावं, म्हणजे हा धोका राहत नाही.

आता छपाई. पेज लेआउटमध्ये कागद ए४, आडवा. बऱ्याच फाइलींत तिथे ‘लेटर’ हा अमेरिकी कागदाचा आकार असतो, तो बदलायचा. ‘विड्थ’ १ पान, ‘हाइट’ ऑटोमॅटिक. उंचीही १ केली तर सगळी यादी एका पानात घुसते आणि वाचायला भिंग लागतं. स्केल ७० टक्क्यांच्या खाली जात असेल तर एखादा रकाना कमी करावा. शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर हवी तर ‘प्रिंट टायटल्स’. हे पेज लेआउटमधूनच उघडायचं, प्रिंटच्या खिडकीतून गेलं तर तो पर्याय फिका पडलेला असतो. फुटरमध्ये पान क्रमांक आणि तारीख हवीच, नाहीतर जुनी आणि नवी यादी टेबलावर एकमेकांत मिसळतात.

मराठी नावांना ओळीची उंची थोडी जास्त द्यावी. स्क्रीनवर नीट दिसणारी वेलांटी कागदावर वरून कापली जाते. फिल्टर लावलेला असेल तर लपलेल्या ओळी छापल्या जात नाहीत, म्हणून प्रिंटआधी तो काढावा.

पॅन आणि जन्मतारीख एकाच कागदावर कधीच छापू नये. आयकर खात्याच्या एआयएसच्या (वार्षिक माहिती विवरणाच्या) पीडीएफचा पासवर्ड या दोन्हींपासूनच बनतो. जन्मतारखेचा रकाना हाइड केला की प्रिंटमध्ये येत नाही, पण फाइलमध्ये तो असतोच आणि कुणीही उघडू शकतो. यादी ऑफिसबाहेर जाणार असेल तर एक्सेल फाइल नको, पीडीएफ द्यावी.