सरांचा नादकाटा

मी साऊंडवाला. लग्नं, व्याख्यानं, गणपती, जिथे बोलावतील तिथे माईक-स्पीकर लावतो. शाळेच्या स्मरणिकेत डॉक्टर-इंजिनिअर झालेले लिहितात, म्हणून लिहू की नको करत होतो. पण विज्ञानाच्या सरांचं देणं लागतो.

नववीच्या वर्गात सरांनी नादकाटा (आपटला की सूर देणारा दोन भुजांचा धातूचा काटा, ट्यूनिंग फोर्क) रबरावर आपटला, माझ्या कानाशी उभा धरला आणि बोटांत सावकाश फिरवला. आवाज गेला, आला, पुन्हा गेला. एका फेऱ्यात चार वेळा! मला वाटलं, सर हळूच दाबताहेत. त्यांनी काटा माझ्याच हातात दिला. तरी तेच. काट्याच्या दोन्ही भुजा एकदम बाहेर जातात, तेव्हा बाहेरची हवा दाबली जाते आणि मधली विरळ होते. चार तिरप्या दिशांना दाब आणि विरळपणा एकदमच पोचतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. लाटांच्या अशा मिसळण्यासाठी फळ्यावर लिहिलेला 'व्यतिकरण' हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला, काटा मात्र डोक्यात राहिला.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सर आम्हाला गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदावरीवर, घेऊन गेले. गांधी तलावाचं पाणी संथ होतं. दोघांनी एकदम दोन खडे टाकायचे. उंचवट्यावर उंचवटा आला की पाणी जास्त उठायचं, उंचवट्यावर खळगा आला की सपाट. पुढे दोन्ही वर्तुळं आपापल्या वाटेने, जणू भेट झालीच नव्हती. उजेडही असाच वागतो, हे थॉमस यंग नावाच्या डॉक्टरने 1801 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं, असं सर सांगत होते. उजेडात उजेड मिळवून अंधार! आम्ही हसलो. लक्ष भेळेच्या गाडीकडे.

धंद्याच्या पहिल्याच वर्षी गाण्याच्या एका कार्यक्रमात डग्गा ऐकूच येईना. शेजारी शेजारी ठेवलेले दोन बॉक्स. एकेक वाजवला की दणदणीत, दोन्ही लावले की डग्गा गायब, नुसती तबल्याच्या कडेची चाट टकटकतेय. अ‍ॅम्प्लिफायर बदलला. तबलजींना दोनदा सांगितलं, जरा जोरात वाजवा (त्यांनी कसं पाहिलं ते सांगत नाही). मग एकदम कानाशी फिरणारा काटा आठवला. एका बॉक्सची प्लस-मायनस मीच उलटी जोडली होती. एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात होता. वायर पलटली, डग्गा घुमला.

मागे एका व्याख्यानाला सर आले होते. मी स्टेजच्या दोन टोकांना दोन बॉक्स लावून 170 हर्ट्झचा सूर सोडून बघत होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 340 मीटर धरला तर ही लाट 2 मीटरची. दोन बॉक्सपासूनच्या अंतरांत 1 मीटरचा, म्हणजे अर्ध्या लाटेचा, फरक पडेल तिथे सूर दबतो. सर मान तिरकी करून एकेक खुर्ची सरकत गेले, थांबले, आणि लांबूनच ओरडले, "अरे, इथे पाहुण्यांना बसवू नकोस!"