तुम्ही विचारलंत म्हणून : ‘फक्त शनिवारीच पितो’, त्याला काय होतं?

नागपूरच्या धंतोलीत मी बरीच वर्षं ईईजी काढते, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद घेते. हे कळलं की लग्नात असो, बसमध्ये असो, प्रश्न एकच येतो. “आमचा पोरगा रोज नाही पीत. शनिवारी मित्रांसोबत बसतो, तेवढंच. त्याच्या मेंदूला काय होणार आहे?” विचारणाऱ्याला बहुतेक वेळा “काही नाही होत” एवढंच ऐकायचं असतं. ते मला म्हणवत नाही, आणि दोन वाक्यांत सांगितलेलं कोणाला पटत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी हिशेब करू. व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे १८० मिली, बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. त्यात शुद्ध अल्कोहोल भरतं सुमारे ६० ग्रॅम. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त घेतली की जागतिक आरोग्य संघटना त्याला ‘एकदम भरपूर पिणं’ या गटात धरते. वर्धा रोडच्या धाब्यावर दोघांनी मिळून हाफ संपवली, की दोघंही त्या गटात गेले. उरलेले सहा दिवस कोरडे गेले म्हणून त्या रात्रीचं प्रमाण कमी होत नाही.

अल्कोहोल मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं काम वाढवतं आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबतं. नशा उतरताना हे उलटं फिरतं, म्हणून रविवारी हात थरथरतात, उगाच चिडचिड होते. विशीतल्या मेंदूचा पुढचा भाग, जिथं ‘आता पुरे’ हे ठरतं, साधारण पंचविशीपर्यंत घडतच असतो. महाराष्ट्रात बियरला २१ आणि व्हिस्की-रमला २५ वयाची अट आहे, ती किती पाळली जाते हे आपण सगळे जाणतो.

स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठाच्या गटाने २००९ साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास छापला. पडद्यावर दिसणाऱ्या आकृत्या लक्षात ठेवून उत्तर द्यायचं होतं, आणि डोक्यावर इलेक्ट्रोड होते. एकदम भरपूर पिणारी आणि तसं न पिणारी, दोन्ही गटांतल्या मुलांची उत्तरं जवळपास सारखीच बरोबर आली. पण पिणाऱ्यांच्या मेंदूत लक्ष देण्याशी जोडलेली एक लहर मोठी निघाली. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की तेच काम करायला त्या मेंदूंना जास्त जोर लावावा लागत असावा. म्हणून ‘मार्क्स तर चांगले आहेत’ या उत्तराने माझं समाधान होत नाही.

“मग ईईजी काढून बघा ना!” असंही म्हणतात. नेहमीच्या ईईजीत आम्ही मुख्यतः फिटची लक्षणं शोधतो. वर सांगितलेला फरक अनेक मुलांच्या असंख्य नोंदींची सरासरी काढल्यावर दिसतो. तुमच्या एकट्या मुलाच्या रिपोर्टात तो दिसणार नाही.

हे मी एका मुलामुळे इतकं ठासून सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. होस्टेलवर राहणारा, शेवटच्या वर्षाचा. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी कोसळला होता. बऱ्याच दिवसांनी घरच्यांना ते कळलं, तेव्हा फिट तर नाही ना हे बघायला डॉक्टरांनी पाठवला. वडील बाहेर बाकावर बसले होते. मी त्याच्या डोक्यावर पेस्ट लावत होते, तेव्हा हळूच म्हणाला, “ताई, या मशीनमध्ये मागचं काही निघते का?”

त्या पार्टीच्या रात्री गावाहून आजीचा फोन आला होता. तो गच्चीवर जाऊन बोलला. फोनमध्ये सत्तावीस मिनिटं दिसतात. मित्र म्हणाले, तू नीट बोलत होता, जीभही अडखळत नव्हती. चार दिवसांनी आजी गेली. आई त्याला पुन्हा पुन्हा सांगते, तू किती छान बोलला तिच्याशी, खूश होती ती. “मला त्यातला एक शब्द आठवत नाही, ताई. आईला काय सांगू?”

मी त्याला डोळे मिटायला सांगितलं. डोक्याच्या मागच्या चॅनलांवर अल्फा लहरी, म्हणजे डोळे मिटून शांत असताना दिसणाऱ्या लहरी, छान उमटल्या. मग पुढच्या चॅनलांवर मोठमोठ्या लाटा यायला लागल्या. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या, तो रडत होता. ‘आर्टिफॅक्ट’, म्हणजे मेंदूतून न आलेली लहर, अशी नोंद करून मी रेकॉर्डिंग थांबवलं.

टेक्निशियनने निदान बोलायचं नसतं. पण त्याने विचारलेलं निदान नव्हतं. रक्तातलं अल्कोहोलचं प्रमाण झपाट्याने चढलं की हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग नव्या आठवणी पक्क्या करू शकत नाही. माणूस चालतो, बोलतो, हसतो, पण ते साठत नाही. जे साठलंच नाही ते कुठल्याच मशीनमधून निघत नाही. हे मी त्याला सांगितलं. सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला. वडिलांचा चेहरा उजळला. “म्हणजे काही झालं नाही ना?”

मी म्हटलं, “फिटची लक्षणं नाहीत. बाकी डॉक्टरांशी बोला.”

तुम्ही म्हणाल, ताई उपदेश करतात. आमच्या घरातही पितात, सणावाराला ग्लास मीच धुते. मी कोणाला माणूस म्हणून वाईट ठरवत नाही. पूर्वी मी सरळ म्हणायचे, दारूने मेंदू खराब होतो. आता तेवढ्या ठामपणे म्हणत नाही, कारण उतावळ्या स्वभावाची मुलंच जास्त पीत असतील, तर काही फरक आधीपासूनचा असू शकतो. पण त्या मुलाची सत्तावीस मिनिटं आधीपासून गेलेली नव्हती. इथं मला जुनी मीच बरोबर वाटते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मला विचारण्याआधी मुलाला विचारा, मित्रांनी सांगितलेली पण तुला आठवत नाही अशी एखादी रात्र आहे का? आवाज न चढवता विचारा, नाहीतर तो नाही म्हणेल. ‘हो’ म्हणाला, तर माझ्याकडे ईईजीला पाठवू नका, आधी डॉक्टरांकडे न्या.