बसतं म्हणजे चालतं असं नाही

घरात कुणी पीसी जोडायला काढला की पार्ट्सची यादी ऑर्डरच्या आधी माझ्याकडे येते. परवा भाच्याची आली. खाली लिहिलं होतं, ‘मामा, सॉकेट एएम५, रॅम डीडीआर५, सगळं जुळतंय. टाकू ऑर्डर?’

त्याने तपासलं होतं ते बरोबरच होतं. सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, एएम५ हे एएमडी कंपनीचं; आणि डीडीआर५ ही रॅमची पिढी, डीडीआर४ नंतरची. पण रॅमच्या बाबतीत मला फारशी धास्ती नसते. डीडीआर४ आणि डीडीआर५, दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. चुकीची रॅम स्लॉटमध्ये शिरतच नाही. परत पाठवायचा मनस्ताप होतो, जळत काही नाही. यादी वाचताना मी शोधतो ते निराळंच: जे अलगद बसतं, खटका वाजतो, आणि तरी चालत नाही.

याचा नमुना म्हणजे इंटेलचं एलजीए ११५१. सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरचं सॉकेट आणि २०१७ मध्ये आठव्या पिढीबरोबर आलेलं सॉकेट, नाव तेच, पिना तितक्याच, प्रोसेसर बसतोही. पण काही पिनांची कामं बदलली होती, त्यामुळे १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डावर आठवी पिढी सुरूच होत नाही. सेकंडहँड बोर्ड घेणाऱ्याने हे आजही लक्षात ठेवावं.

एएमडीची तऱ्हा उलटी. तिथे सॉकेट वर्षानुवर्षं टिकतं, मग अडतं ते बायोसवर, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातच भरलेल्या प्रोग्रॅमवर. भाच्याच्या यादीत नेमकं हेच होतं. बी६५० बोर्ड आले २०२२ मध्ये, त्याला हवा असलेला रायझन ९००० आला २०२४ मध्ये. बोर्ड जुन्या स्टॉकमधला निघाला तर तो या प्रोसेसरला ओळखणार नाही, आणि बायोस बदलायला तर आधी मशीन सुरू व्हायला हवं! बोर्डावर बायोस फ्लॅशबॅक असेल तर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून काम होतं. त्याच्या बोर्डावर ते होतं, म्हणून मी काही बोललो नाही. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्टची यादी असते, त्यात प्रत्येक प्रोसेसरसमोर कमीत कमी कुठलं बायोस लागेल ते लिहिलेलं असतं. व्हिडिओ बघण्याआधी ते पान बघावं.

रॅमच्या चार पट्ट्या मात्र मी खोडल्या. चार स्लॉट दिसले की चारही भरावेसे वाटतात. पण रायझन ९००० साठी एएमडीने दोन पट्ट्यांना ५६०० चा वेग सांगितलाय, आणि चार भरल्या की ३६००. तेवढीच रॅम दोन मोठ्या पट्ट्यांत घ्यायची. त्याही प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बहुतेक बोर्डांच्या मॅन्युअलमध्ये हेच दिलेलं असतं.

एम.२ एसएसडीतही, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या डिस्कमध्येही, फसगत होते. तिच्यात दोन प्रकार: जुन्या साटा जोडणीवर चालणारी, आणि वेगवान पीसीआयई जोडणीवर चालणारी एनव्हीएमई. साटावाली पट्टी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, आणि तो स्लॉट फक्त पीसीआयईला जोडलेला असेल तर बायोसमध्ये काहीच दिसत नाही. काही बोर्डांवर तर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी टाकली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात. हे मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असतं, खोक्यावर नसतं.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्ट्सना वीज पुरवणारा डबा. लोक वॅटवर तासभर वाद घालतात आणि केबलकडे बघत नाहीत. मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणाऱ्या, एसएमपीएसच्या केबलचं पार्टकडचं टोक ठरलेल्या मापाचं असतं, पण एसएमपीएसकडचं टोक ज्याचं-त्याचं. तिथल्या पिनांचा क्रम कुठल्याही मानकात ठरवलेला नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही तो वेगळा असू शकतो. जुनी केबल नव्या एसएमपीएसमध्ये सहज शिरते, आणि पाच व्होल्टच्या जागी बारा व्होल्ट गेले की हार्ड डिस्क गेली. म्हणून भाच्याला बजावलं, जुन्या एसएमपीएसबरोबर त्याच्या केबलही देऊन टाक, एकही घरात ठेवू नकोस. दिव्यांच्या पट्ट्यांचंही असंच: तीन पिनांची एआरजीबी पाच व्होल्टची, चार पिनांची साधी आरजीबी बारा व्होल्टची. मला स्वतःला ते दिवे आवडत नाहीत, पण लावायचेच तर बोर्डावर त्या जोडायच्या पिना (हेडर) असतात, तिथला आकडा वाचून लावा.

एवढं सगळं जुळूनही त्याची यादी अडली ती मिलिमीटरवर. कॅबिनेटवर लिहिलं होतं, ग्राफिक्स कार्ड ३३० मिमीपर्यंत. त्याचं कार्ड ३०४ चं. म्हणजे जागा आहे? नाही. तो ३३० चा आकडा कॅबिनेटची पुढची बाजू रिकामी धरून होता, आणि याला तिथेच लिक्विड कूलरचा रेडिएटर, म्हणजे त्यातलं लिक्विड थंड करणारी जाळी, लावायचा होता. रेडिएटर २७, पंखे २५, मिळून ५२ मिमी गेले. उरले २७८.

‘मग रेडिएटर वर लावतो,’ तो म्हणाला. वर लावला तर बोर्डावरच्या हीटसिंकला आणि उंच रॅमला तो अडतो का, हे बघावं लागतं, आणि त्या कॅबिनेटमध्ये अडत होता. मी सुचवलं, लिक्विड सोड, एअर कूलर घे. सहा कोअरच्या प्रोसेसरला तो भरपूर झाला, आणि त्यात पंपच नाही, त्यामुळे पंप बंद पडायची भीतीही नाही. मात्र कूलरची उंची कॅबिनेटच्या मापाशी ताडून बघ; १५८ मिमीचा कूलर १५५ मिमीच्या कॅबिनेटमध्ये घातला तर झाकण लागत नाही.

त्याला ते काचेमागचं लिक्विड फारच आवडलं होतं. दोन दिवस रुसला, मग कूलर तसाच ठेवून कॅबिनेटच मोठं घेतलं.